अठरा पायऱ्यांचा घाट

मेट्टूर धरणाचं पाणी उशिरा सुटलं ते १९९५ साल. त्याच वर्षी जुलैमध्ये, तिरुवैयारूच्या पलीकडे चार-पाच मैलांवर असलेल्या एका लहानशा पाटबंधारे कचेरीत कॉम्प्युटर आला. जीपमधून आला. शिपायानं तो सारा रस्ता पोटाशी धरला होता. त्याच्यासाठी जुनी नकाशांची खोली रिकामी केली, खिडक्या बंद केल्या, एसी बसवला. त्या भागात तोवर एसीचा गारवा फक्त बँकेच्या मॅनेजरला ठाऊक होता. खोलीबाहेर चपला काढायच्या असा नियम झाला. पहिल्या दिवशी हळदकुंकू वाहिलं, लिंबू ठेवलं आणि शिपाई कापूर ओवाळायला निघाला तेव्हा इंजिनिअर ओरडला, "लांबून, लांबून! प्लास्टिक आहे ते!"

हा इंजिनिअर म्हणजे सतीशकुमार. कोइंबतूरकडचा, सत्तावीस वर्षांचा, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक फ्लॉपी. कॉम्प्युटर चालवायचा कोणी, तर सुंदरीनं, कारण कचेरीत टायपिंग येणारी तीच एक.

सुंदरीचं घर तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात सगळे मराठी बोलत, पण लिहायची वेळ आली की तीच मराठी तमिळ अक्षरांत लिहीत, कारण बाळबोध कोणालाच येत नव्हती. सकाळी सातच्या बसनं ती निघे, डब्यात इडली आणि मिळगायपोडीची कोरडी चटणी, एका हातात छत्री. दहा वर्षं ती 'तात्पुरती टायपिस्ट' होती. दर सहा महिन्यांनी एक कागद यायचा आणि तिचं तात्पुरतेपण पुढच्या सहा महिन्यांवर ढकलायचा. त्या वर्षी मात्र दहा वर्षं पुरी झालेल्यांची यादी मद्रासला गेली होती आणि यादीत तिचं नाव होतं. ऑर्डर डिसेंबरात यायची होती. घरात अजून कोणी पेढे वाटले नव्हते, पण नवऱ्यानं, वादिराजनं, स्वैपाकघराला चुना काढून घेतला होता.

कचेरीचं काम एका कालव्यापुरतं. नदीतून कालवा निघायचा तिथं शटरं होती. ती किती इंच उचलायची हे ठरलं की कालव्याला तेवढं पाणी मिळायचं, उरलेलं शेजारच्या कालव्याला. कालव्याच्या अर्ध्या वाटेवर रघोजीपुरम नावाचं गाव होतं आणि तिथं दगडी घाट होता, बरोबर अठरा पायऱ्यांचा. घाटाशेजारी पाण्याची उंची मोजायचा आकडे रंगवलेला खांब असायचा. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात तो वाहून गेला. नवा खांब मंजूर झाला होता आणि मंजूरच राहिला होता.

तेव्हापासून सांबशिव पायऱ्या मोजायचा. सांबशिव म्हणजे लस्कर, शटरांवरचा माणूस. काळा, किडकिडीत, कानांत जुनी लाल खड्यांची कुडी, मे महिन्यात रिटायर व्हायला आलेला. पहाटे सायकलवरून घाटावर जायचा, तिथून कचेरीत यायचा आणि सिगरेटच्या पाकिटाच्या चांदीमागे लिहिलेला एक आकडा टेबलावर ठेवायचा. 'नऊ.' बस, तेवढंच. आधीचे वयस्क सुपरवायझर तो आकडा बघून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "दोन इंच उचल." त्यांचं डोक्यातलं गणित त्यांच्याबरोबर निवृत्त झालं.

सतीशकुमारनं ते गणित कॉम्प्युटरमध्ये बसवायचं ठरवलं. कुठल्या गावची किती जमीन, कोणतं पीक, रोपं लावून किती दिवस झाले, हे सगळं सुंदरीनं महिनाभर बसून भरलं. सकाळी सांबशिवचा आकडा टाकायचा की मशिननं सांगायचं, शटर किती इंच वर, किती खाली.

"हा आकडा नेमका कसला?" सतीशकुमारनं तिला विचारलं.

"पायऱ्यांचा, सार. किती पायऱ्या पाणी आहे त्याचा."

हे ती अगदी सहज बोलली. त्यांच्या गल्लीत पायऱ्यांची विहीर होती. पाणी इतकं नितळ की तळची पायरीसुद्धा दिसायची. आजी, आई, शेजारणी, सगळ्यांच्या तोंडी तेच, "आज आठ पायऱ्या पाणी आहे गं," किंवा एप्रिलमध्ये, "तीनच उरलं." पायरीचा आकडा म्हणजे बुडालेल्या पायऱ्यांचा, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. जसं दूध पांढरं असतं, तसं ते होतं. सांबशिवला विचारायचं तिच्या मनातही आलं नाही.

सतीशकुमार मात्र काळजीचा माणूस. तो स्वतः टेप आणि बांबू घेऊन रघोजीपुरमला गेला. त्या दिवशी सांबशिवची चिठ्ठी होती नऊची. सतीशकुमारनं एक पायरी मोजली, अर्धा फूट. नऊ पायऱ्या म्हणजे साडेचार फूट. मग बांबू पाण्यात घातला. भरलं बरोबर साडेचार फूट. "अर्ध्या इंचाचा फरक नाही," तो परत येऊन म्हणाला आणि आनंदानं सगळ्यांना कॉफी पाजली, शिपायालासुद्धा.

ऑगस्ट चांगला गेला. चिठ्ठी कधी नऊची, कधी आठची, कधी दहाची. प्रिंटर कर्कश करवतीसारखा आवाज करत कडांना भोकं असलेला कागद बाहेर टाकायचा, सांबशिव तो घडी करून टोपीत ठेवायचा आणि शटरांकडे जायचा. गावात बोलबाला झाला. चार गावचे लोक मशिन बघायला आले आणि एसीत बसून घाम वाळवून गेले.

सप्टेंबरात नदी उतरली. चिठ्ठी आली दहा. मग अकरा. मशिन म्हणालं, कालव्यात पाणी चढतंय, शटर एक इंच खाली. सांबशिवनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"खाली, अम्मा?"

"खाली. मशिन म्हणतंय तसं."

"मशिन म्हणतंय," सांबशिव म्हणाला. तीस वर्षं तो वरिष्ठांच्या हुकुमावर शटर फिरवत आला होता. वरिष्ठ आता एसीत बसत होता, एवढाच फरक. त्यानं शटर खाली केलं. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बाराची. मशिन म्हणालं, अजून चढलं, अजून दीड इंच खाली. मग तेरा.

त्या दिवशी दुपारी कृष्णाजी आले. कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला त्यांची आणि आणखी चाळीस घरांची शेतं होती. नात्यानं ते सुंदरीचे लांबचे मामा. जाडजूड, सत्तरीला टेकलेले, हातात रोपांची एक जुडी. सांब्याची, म्हणजे लांब मुदतीच्या भाताची रोपं. शेंडे पिवळे, मुळांना कोरडी माती. त्यांनी चपला काढल्या नाहीत आणि जुडी थेट कीबोर्डवर ठेवली.

"हे तुझ्या यंत्राला नैवेद्य," ते मराठीत म्हणाले. "खाऊ दे त्याला. आम्हांला तर कांही उरलंच नाही."

"मामा, माती पडेल आंत."

"माती बरी आहे की तुमच्यापाशी! आमच्याकडे नुसती धूळ आहे."

सतीशकुमार बाहेर आला. त्याला मराठी कळत नव्हती, पण राग कळत होता. त्यानं कागद पुढे केला. "पेरियवर, हे बघा. रघोजीपुरमला आज साडेसहा फूट पाणी आहे."

"साडेसहा?" कृष्णाजी तमिळवर आले. "मग मी मासा झालो असणार, तंबी. माशाला पाणी दिसत नाही म्हणतात. चल, मला माझे कल्ले दाखव."

"रेकॉर्ड आहे ना हे."

"माझं रेकॉर्ड तुझ्या मशिनवर पडलंय. हात लावून बघ. चार दिवसांत पाणी नाही आलं तर ही रोपं गेली, आणि पुन्हा पेरायला आतां कोणापाशी बी नाही."

सतीशकुमार तसाच मोटरसायकल काढून त्यांना मागे बसवून घाटावर गेला. तासाभरानं परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. घाटावर पाणी जेमतेम अडीच फूट होतं. पाच पायऱ्या. आणि सांबशिवची चिठ्ठी तेराची.

त्यानं पहिल्यांदा शटर आठ इंच उचलायला माणूस पाठवला. मग सांबशिवला बोलावलं. तो दारात चपला काढून, टोपी काढून उभा राहिला.

"ही चिठ्ठी तुझी?"

"माझी, सार."

"घाटावर जाऊन लिहिलीस की घरी बसून?"

"जाऊन, सार. रोज जातो."

"आणि तेरा?"

"तेरा, सार. देवाशप्पथ तेरा."

"मी आत्ता बघून आलो! वरच्या गावांनी काय दिलं तुला? खोटे आकडे लिहायचे काय दिलं?"

  चाळीस घरांची रोपं खोट्या आकड्यांनी मारल्याचा आरोप आयुष्यात कोणी सांबशिववर केला नव्हता. तो टोपी घालून बाहेर गेला. सायकलवर बसून नाही, ती हातानं ढकलत.

सतीशकुमारनं मेमो सांगितला, सुंदरीनं टाइप केला. खोटी मोजणी, कर्तव्यात कसूर, आठ दिवसांत खुलासा. खुलासा पटला नाही तर बडतर्फी. एक प्रत तंजावूरच्या वरच्या कचेरीला त्याच संध्याकाळी टपालात पडली. बडतर्फ माणसाला पेन्शन नसते, हे कचेरीतल्या शिपायालाही माहीत होतं. "सकाळी येतां येतां त्याची सही घेऊन या," सतीशकुमार तिला म्हणाला. "इथं यायची लाज वाटेल त्याला."

दुसऱ्या दिवशी सुंदरी रघोजीपुरमच्या फाट्यावर बसमधून उतरली. नारळींमधून घाटाकडे चालत गेली तेव्हा सांबशिव सर्वांत वरच्या पायरीवर उभा होता. मेमोची बातमी त्याला लागलेली असणार, तरी तो रोजच्या वेळी रोजच्या कामाला आला होता. त्यानं चपला काढल्या आणि तो उतरू लागला. प्रत्येक पायरीवर थांबायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "ओन्नु. रेंडु. मूणु." पाण्याला पाय लागला तसा थांबला, वाकून पाणी डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "पदिनोन्नु." अकरा.

त्याच्या पायापासून पुढं पाणी मातकट, गढूळ. त्याखाली एकही पायरी दिसत नव्हती.

सुंदरी वरच बसली. 

"अम्मा, बरं नाही का वाटत?"

"तुम्ही कोरड्या पायऱ्या मोजतां?"

"मग?" सांबशिवला प्रश्नच कळेना. "पाण्याखालच्या कोणाला दिसतात? माझा बाप असंच मोजायचा. जास्त पायऱ्या म्हणजे जास्त टंचाई. आधीच्या साहेबांना माहीत होतं."

अठरातून तेरा गेले की पाच. आणि अठरातून नऊ गेले की नऊ. सतीशकुमार बांबू घेऊन आला होता तो नेमका त्याच दिवशी, जेव्हा पाणी घाटाच्या बरोबर मध्यावर होतं आणि कसंही मोजलं तरी उत्तर एकच येत होतं. पुढं पाणी जेवढं उतरलं तेवढं मशिननं चढलं असं मानलं आणि शटर आणखी पाडलं. शटर पाडलं म्हणून पाणी आणखी उतरलं. आणि मशिनला पायरी म्हणजे काय हे सांगणारी ती.

"सही कुठं करायची?" सांबशिवनं विचारलं. तिच्या पर्समधून डोकावणारा कागद त्यानं पाहिला होता.

"आज नाही," ती म्हणाली. "उद्या बघूं."

कचेरीत जाऊन तिनं तोंडानं कोणाला काही सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र केली. मशिनच्या तक्त्यात जिथं सांबशिवचा आकडा जायचा, तिथं 'अठरा वजा' असं घातलं. अकरा टाकले. मशिन म्हणालं, पाणी कमी आहे, शटर तीन इंच वर. म्हणजे मशिनचं काम झालं. एका मिनिटात झालं आणि कोणाला पत्ता लागला नाही. मेमोवर सही घेतली की तोही प्रश्न मिटणार होता, फक्त सांबशिवच्या अंगावर.

संध्याकाळी तिनं वादिराजला सांगितलं. तो दक्षिण वीथीतल्या औषधाच्या दुकानातून नुकताच आला होता आणि शर्ट खुंटीला लावत होता.

"आणखी कोणास ठाऊक आहे हें?"

"कोणास नाही."

"मग गप्प राहा की. डिसेंबरपर्यंत. ऑर्डर हातांत पडू दे, मग सांग. कोण तुला काढणार?"

"तोवर त्याला काढतील."

"त्याची चौकशी होईल, चौकशीत कळेल. साहेब काय आंधळा आहे?"

"साहेबानं एकदां मोजून पाहिलंय. त्यास वाटतं तो बरोबर आहे. मलाही वाटत होतं."

वादिराज पाटावर बसला. "दहा वर्षं, सुंदरी. दहा वर्षं त्या बसनं गेलीस. परत ती यादी कधी निघेल कोणास ठाऊक. तो मेमध्ये जाणारच आहे घरी, तू अजून बावीस वर्षं नोकरी करायची आहेस."

"तो मेमध्ये घरी जाणार आहे," ती म्हणाली, "म्हणूनच की. मला दुसरी यादी मिळेल. त्याला दुसरा मे मिळणार नाही."

वादिराजनं ताट पुढं ओढलं. भात कालवून झाल्यावर म्हणाला, "लेखी दे. तोंडी सांगितलेलं उद्या कोणी ऐकलंच नाही म्हणतील."

सकाळी तिनं चपला काढल्या आणि सतीशकुमारपुढं दोन कागद ठेवले, सही न झालेला मेमो आणि स्वतःच्या हातानं तमिळमध्ये लिहिलेलं एक पान. त्यानं पान वाचलं. मग पेन्सिल घेऊन कडेला अठरा रेघा काढल्या, वरून नऊ मोजल्या, खालून नऊ मोजल्या.

"अय्यो," तो म्हणाला. "कसंही बघितलं तरी साडेचार फूट."

"हो, सार."

"मी त्याला विचारायला हवं होतं. कोरड्या की ओल्या, एवढंच. मी काय विचारलं? वरच्या गावांनी काय दिलं म्हणून." तो उठला, खिडकीपाशी गेला. खिडकी बंद होती, तरी तिथंच उभा राहिला. "अम्मा, आपण 'प्रोग्रॅममध्ये दोष' असं लिहूं. तुमचं नाव नको. प्रोग्रॅम माझा आहे."

"वर मेमो गेलाय त्याच्या नावानं. नाव आहे तिथं नावच लागेल, सार. ते विचारतील, प्रोग्रॅमला कोणी सांगितलं?"

"यादीचं माहीत आहे ना तुम्हांला?"

"दहा वर्षं तेवढंच माहीत आहे."

त्यानं तिचं पान वर पाठवलं. सोबत स्वतःचंही एक जोडलं, प्रत्यक्ष तपासणीत माझीही चूक झाली, म्हणून. मेमो मागं घ्यायला तो स्वतः सांबशिवच्या घरी गेला. तिथं काय बोलणं झालं ते कोणी ऐकलं नाही. परत आला तेव्हा मोटरसायकलच्या हँडलला केळीचा एक घड बांधलेला होता. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठीवर सांबशिव आकड्यापुढं एक शब्द लिहू लागला, 'कोरड्या'. आणि देताना प्रत्येक वेळी वाचूनही दाखवायचा, मोठ्यानं, म्हणजे एसीतल्या मशिनलाही ऐकू जावं.

टोकाच्या गावांची निम्मी रोपं वाचली. उरलेल्यांना वरच्या गावांनी आपली जास्तीची रोपं दिली. कृष्णाजी बैलगाडीवर बसून ती मागायला गेले तेव्हा प्रत्येक घरी सांगत होते, "मशिननं मागवलीत. नाही म्हणाल तर तुमचंही नाव टाइप करील."

डिसेंबरात मद्रासहून ऑर्डरी आल्या. सुंदरीच्या नावापुढं 'चौकशी प्रलंबित' असा शेरा होता आणि ऑर्डर नव्हती.

सांबशिव मे १९९६ मध्ये रिटायर झाला. निरोपाच्या दिवशी त्याला घड्याळ आणि शाल दिली, आणि सतीशकुमारनं केलेल्या भाषणात तो रडला नाही, सतीशकुमार रडला. पुढं नऊ वर्षं सांबशिव जगला. शटरांवर त्याच्यानंतर जो माणूस आला त्याला तो अधूनमधून जाऊन शिव्या देत असे.

कृष्णाजींनी आणखी चार सांबा हंगाम काढले. मग शेत पुतण्याला कसायला देऊन ते त्रिचीला मुलीकडे राहायला गेले आणि तिथल्या नळाच्या पाण्याला नावं ठेवत वारले. सतीशकुमार १९९९ मध्ये सरकारी नोकरी सोडून बंगळूरला गेला, एका कंपनीत नद्यांच्या पाण्याचे प्रोग्रॅम करायला लागला. नवीन मुलांना तो पहिल्या दिवशी अठरा रेघा काढायला लावायचा म्हणतात. वादिराजनं पुढं स्वतःचं औषधाचं दुकान घातलं, ते त्यांचा भाचा चालवतो.

रघोजीपुरमला २००३ मध्ये नवा आकड्यांचा खांब बसला आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक सौर पट्टी लावलेली पेटी, जी दर पंधरा मिनिटांनी पाण्याची उंची स्वतःच कळवते. घाटाच्या वरच्या तीन पायऱ्यांची फरशी त्या पेटीच्या पायासाठी काढली.

सुंदरीची चौकशी दोन वर्षं चालली आणि ताकीद देऊन संपली. पुढची यादी निघाली २००१ साली, त्यात ती कायम झाली. तोवर तिच्या मागून आलेल्या दोन मुली तिच्या वरिष्ठ झाल्या होत्या. २०१७ मध्ये ती त्याच कचेरीतून निवृत्त झाली, पेन्शनसाठी धरायच्या नोकरीतली सहा वर्षं कमी होऊन. त्याबद्दल वादिराज अजूनही नातेवाइकांपुढं कुरकुर करतो. ती करू देते.